मोजा कोणता घ्यावा?

गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या नव्या आईवडिलांच्या तोंडून एक प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे, की तो कोणत्या वाक्यानंतर येणार हेही मला आता आधी कळते. सुरुवातीला बाळाच्या झोपेविषयी बोलणे होते, मग स्वतःच्या झोपेविषयी, आणि त्यानंतर फोनमध्ये जपून ठेवलेली तीन-चार छायाचित्रे दाखवून विचारले जाते, "मॅडम, यातलं कोणतं घेऊ?" त्यांत बाळाच्या पायात घालायचा, नाडीचे ठोके आणि रक्तातील ऑक्सिजन सांगणारा मोजा असतो, डायपरला अडकवायचा, पोटाच्या हालचालीवर लक्ष ठेवणारा छोटा चिमटा असतो, किंवा छातीभोवती गुंडाळायचा पट्टा असतो, ज्याच्यावरची नक्षी पाळण्यावर लावलेला कॅमेरा टिपतो आणि त्यावरून श्वास मोजतो. कोणाची नणंद अमेरिकेहून यायची असते, कोणाचा भाऊ दुबईहून, आणि सामानात काय आणायचे ते त्यांना दोन दिवसांत कळवायचे असते.

मी बालरोगतज्ज्ञ नाही आणि यंत्रांची जाणकारही नाही. तरीही हा प्रश्न समुपदेशकाकडे आणावासा वाटतो, त्या अर्थी तो केवळ खरेदीचा नाही हे विचारणाऱ्यालाही कुठेतरी ठाऊक असते, असे मी धरून चालते. अशाच एका आईचा अनुभव तिच्या संमतीने येथे लिहीत आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि नऊ भेटींतले बोलणे मोजक्या प्रसंगांत आणले आहे.

सायली एकोणतीस वर्षांची, पहिलटकरीण, बाळंतपणासाठी साताऱ्याला माहेरी आलेली. पती निखिल पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवारी येऊन जाणारा. मुलगी सात आठवड्यांची, पूर्ण दिवसांची, वजन नीट वाढत असलेली. आमच्या भेटी व्हिडिओवरून होत. पहिल्याच भेटीत माझ्या लक्षात आले, की दर काही सेकंदांनी तिची नजर पडद्याबाहेर डावीकडे जाते, तिथे थोडी थांबते आणि मग परत येते. तिकडे पाळणा होता.

तिने दुसरा फोन कॅमेऱ्यासमोर धरून मला एक चित्रफीत दाखवली. अंधूक उजेडात बाळाचे झबले वर सरकलेले, पोट भराभर वरखाली होणारे, आणि मग एकाएकी स्तब्ध. त्या स्तब्धतेवर सायलीचा कुजबुजता आवाज होता: "एक, दोन, तीन..." आठ म्हणायच्या आत बाळाने खोल श्वास घेतला. अशा साठांहून अधिक फिती तिच्या फोनमध्ये होत्या. बालरोगतज्ज्ञांनी त्यांतल्या दोन पाहून सांगितले होते, की नवजात बाळाचा श्वास असाच असतो. काही वेळ भरभर चालतो, पाच ते दहा सेकंद थांबतो, पुन्हा सुरू होतो. वाढत्या महिन्यांबरोबर तो आपोआप एकसारखा होतो. वीस सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला, किंवा थांबताना बाळ निळे-पांढरे पडले, सैल पडले, तर मात्र क्षणाचाही विलंब नको. हेच तिने आणखी दोन डॉक्टरांकडून ऐकून घेतले होते. तिघांचे एकमत झाले, तरी तिची रात्र बदलली नव्हती.

त्यात दोन आठवड्यांपूर्वी एक प्रसंग घडला होता. रात्री दोन वाजता तिने फळीवर पडून असलेला, मोठ्या माणसांच्या बोटाला लावायचा ऑक्सिमीटर काढला आणि बाळाच्या पायाच्या अंगठ्याला लावला. आकडा आला ८६. शेजाऱ्यांना उठवून, गाडी काढून सगळे रुग्णालयात पोहोचले. तिथल्या परिचारिकेने पावलाभोवती गुंडाळायची इवलीशी पट्टी लावली, आणि पडद्यावर ९८ आले. मोठ्या माणसाच्या बोटासाठी केलेल्या चिमट्यात एवढासा अंगठा नीट बसत नाही, शिवाय बाळ पाय झाडत असते, त्यामुळे तो आकडा धरायचाच नाही, असे तिला समजावून सांगण्यात आले. सायलीने त्यातून एकच अर्थ काढला: मोठ्यांचे यंत्र चुकते, तर मग बाळांचे यंत्र घेतले पाहिजे.

"काही होत नाही, उगाच घाबरतेस," हे वाक्य तिला घरातल्या सगळ्यांनी ऐकवून झाले होते. सासूबाईंनी फोनवर त्यात भर घातली होती, की आमच्या वेळी कुठे होती असली यंत्रे, आठ-आठ मुले वाढली की. घाबरलेल्या माणसाला असे सांगणे म्हणजे त्याला एकटे पाडणे आहे, असे माझे इतक्या वर्षांनंतरचे स्पष्ट मत आहे. शिवाय ते खरेही नाही. ज्या घरांत आठ मुले वाढली, त्यांतल्या कित्येक घरांत नववे आणि दहावे वाढले नव्हते, आणि हे त्या पिढीतल्या बायकांना कोणी सांगायला नको. म्हणून मी सायलीला धीर दिला नाही. मला जी माहिती होती ती सरळ तिच्यासमोर ठेवली, कारण भीतीशी बोलायचे तर आधी वस्तुस्थिती दोघांच्याही हातात सारखी असावी लागते.

पायात घालायचा मोजा श्वास मोजत नाही. तो त्वचेतून प्रकाश सोडून रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी यांचा अंदाज घेतो. श्वास थांबला, तर त्याचा परिणाम ऑक्सिजनवर दिसू लागल्यानंतरच त्याला कळते. पाय गार असला, मोजा सैल झाला, बाळाने लाथा झाडल्या, की आकडा चुकतो. अमेरिकेत २०१८ मध्ये असे दोन घरगुती मॉनिटर रुग्णालयातल्या बाळांवर तपासले गेले, तेव्हा एकाने ऑक्सिजन कमी झाल्याचे काही वेळा ओळखले आणि काही वेळा नाही, तर दुसऱ्याने ते एकदाही ओळखले नाही. त्याच देशात आऊलेट कंपनीचा मोजा सर्वांत प्रसिद्ध. पण वैद्यकीय उपकरण म्हणून परवानगी न घेता तो विकला जात असल्याबद्दल तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीला ताकीद दिली आणि तो तिथल्या बाजारातून काढून घेतला गेला. पुढे २०२३ मध्ये सुधारित मोज्याला परवानगी मिळाली, तीही एक ते अठरा महिन्यांच्या निरोगी बाळांसाठी. म्हणजे बाळंतविड्याबरोबर ज्या पहिल्या महिन्यासाठी लोक तो मागवतात, तो महिना त्या परवानगीत बसतच नाही.

तिच्या चित्रफितींशी थेट संबंध असलेला एक अभ्यासही मी तिला सांगितला. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. हजाराहून अधिक बाळांवर घरी मॉनिटर लावून नोंदी घेतल्या गेल्या, आणि पूर्ण दिवसांच्या, संपूर्ण निरोगी बाळांपैकीही ४३ टक्के बाळांच्या नोंदीत अलार्म वाजावा असा निदान एक प्रसंग आढळला. ही बाळे आजारी नव्हती. निरोगी बाळाचा श्वासही यंत्राला धोक्याचा वाटू शकतो, एवढेच त्यातून दिसले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना आपल्या २०२२ च्या मार्गदर्शनातही हेच सांगते, की झोपेतील आकस्मिक मृत्यू टाळण्याचा उपाय म्हणून घरगुती मॉनिटर वापरू नये. उलट, बाळाला पाठीवर झोपवा या एका साध्या सांगण्याची मोहीम तिथे १९९४ मध्ये सुरू झाल्यानंतर हे मृत्यू काही वर्षांतच साधारण निम्म्यावर आले.

सायलीने सगळे लक्षपूर्वक ऐकले, वहीत लिहूनही घेतले. पुढच्या भेटीला तिने विचारले, "मग यातला त्यातल्या त्यात चांगला कोणता?"

मला याचे आश्चर्य वाटले नाही. मी ज्या विचारपरंपरेत शिकले, ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. माणसाला घटना जेवढी छळते त्याहून जास्त त्या घटनेविषयी त्याने स्वतःशी बांधलेले वाक्य छळते, आणि त्या वाक्यात बहुधा एक 'पाहिजेच' दडलेले असते, हे त्या परंपरेने मला शिकवले. "बाळ सुखरूप असावे" ही इच्छा आहे. "बाळ सुखरूप आहे याची मला प्रत्येक क्षणी खात्री मिळालीच पाहिजे" हा हुकूम आहे, आणि तो पाळण्याची ताकद कोणत्याही यंत्रात नाही. पण हे मी तिला सांगून उपयोग नव्हता; तिचे वाक्य तिच्या तोंडून यायला हवे होते. म्हणून तिसऱ्या भेटीत आम्ही मोजा घेतला आहे असे धरून चाललो.

"समजा, आज तो आला," मी म्हटले. "पायात घातला, हिरवा दिवा लागला, ९८ दिसतंय. रात्रीचे अकरा वाजलेत. आता काय कराल?"

"झोपेन."

"लगेच?"

"चार्जिंग बघेन आधी."

"पूर्ण आहे."

"इथे वायफाय जातं मध्येच."

"आज गेलेलं नाही."

"तिच्या पायातून निसटला तर? फार लाथा मारते ती."

"नीट बसलाय."

यानंतर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि अलार्म झाला आणि मला ऐकूच आलं नाही तर?"

"मोठ्याने वाजतो तो."

"मोठ्यानेच वाजत होता, मॅडम."

'वाजत होता', असे ती म्हणाली. मोजा तर अजून आलेला नव्हता. मी एवढेच विचारले, "कोणता?" आणि त्या भेटीत प्रथमच तिची नजर पाळण्याकडे जायची थांबली.

२०२१ चा एप्रिल. तिच्या वडिलांना करोना झाला होता आणि कुठेच खाट मिळत नव्हती. याच खोलीत, आज जिथे पाळणा आहे त्याच भिंतीला लागून त्यांचा पलंग होता. ऑक्सिजनचे यंत्र कसेबसे भाड्याने मिळाले होते. दर तासाला ऑक्सिमीटर लावून आकडा लिहायचा, हे काम सायलीने स्वतःकडे घेतले होते, आणि रात्री झोप लागू नये म्हणून मोबाइलवर दर तासाचा गजर लावला होता. सहा रात्री तिने ते निभावले. सातव्या रात्री तीनचा गजर तिला ऐकू आला नाही, चारचाही नाही. पाच वाजता ती दचकून उठली, आकडा लावला, तो ८१ होता. सकाळी धावाधाव करून रुग्णालयात जागा मिळाली. चार दिवसांनी वडील गेले. फळीवर राहिलेला आणि परवा बाळाच्या अंगठ्याला लावलेला तो हाच ऑक्सिमीटर.

"मी झोपले म्हणून," ती म्हणाली, आणि पुढचे शब्द तिने उच्चारले नाहीत.

त्या क्षणी मला जे दिसले ते मी त्यानंतर अनेक आईवडिलांच्या बाबतीत पडताळून पाहिले आहे, आणि माझ्या कामातले ते एक मोलाचे उमगणे मी मानते. सायलीला बाळाचा ऑक्सिजन कळायला नको होता; तिला कधीही न झोपणारा पहारेकरी हवा होता, कारण झोपणारा पहारेकरी काय करून बसतो याची शिक्षा ती तीन वर्षे भोगत होती. प्रत्येक घरात असा एप्रिल असतोच असे नाही. कुठे आधीचा गर्भपात असतो, कुठे नवजात अतिदक्षता विभागात काचेपलीकडून पाहिलेले बाळ असते, कुठे लहानपणी गेलेला भाऊ असतो, ज्याच्याविषयी घरात कधी बोलले गेले नाही. पण 'कोणता घेऊ' या प्रश्नामागे पुष्कळदा 'माझ्यावर विसंबून चालेल का' हा प्रश्न असतो.

त्या दोन तासांनी वडिलांच्या बाबतीत काही फरक पडला असता की नाही, हे मला माहीत नव्हते, आणि नव्हते म्हणून मी तसे काही म्हटलेही नाही. "तुमचा काही दोष नाही" हे वाक्य सांगायला सोपे असते, पण ऐकणारा ते दाराबाहेरच ठेवतो. मी विचारले, की हे आईला कधी सांगितले आहे का. नव्हते. पुढच्या भेटीला आईंनीही बसावे का, असे मी विचारल्यावर तिने दोन दिवस घेतले आणि होकार कळवला.

चौथ्या भेटीला काकू, म्हणजे सायलीची आई, बाळाला मांडीवर घेऊन सायलीच्या शेजारी बसल्या. सायलीने खाली मान घालून ती रात्र सांगितली. काकूंनी मध्ये एकदाही अडवले नाही. तिचे सांगून झाल्यावर त्या बाळाच्या दुपट्याचे टोक सारखे करत राहिल्या आणि म्हणाल्या, "गजर वाजला होता, सायू. मी बंद केला."

सायली त्यांच्याकडे बघतच राहिली.

"तीनचा वाजला तेव्हा मी पाणी गरम करायला उठले होते. तू खुर्चीतच वाकडी होऊन झोपली होतीस. मी गजर बंद केला, पुढचापण केला. तुझ्या अंगावर गोधडी घातली. ह्यांना यंत्र लावून बघितलं, ९१ होते. हे म्हणाले, झोपू दे तिला. मग मी बसले तिथेच खाली, भिंतीला टेकून. बघेन म्हटलं तासातासाला." त्या थांबल्या. "माझापण डोळा लागला गं."

तीन वर्षे या दोघी एकाच घरातल्या एकाच रात्रीविषयी एकमेकींपासून लपून होत्या. मी त्या वेळी काहीही बोलले नाही, आणि तेव्हा गप्प राहता आले याचे मला आजही समाधान आहे. सायलीने आईचा हात धरला आणि म्हणाली, "अगं, तू पण सहा दिवस झोपली नव्हतीस आई. माणूस किती जागेल?"

थोडा वेळ जाऊ दिल्यावर मी म्हटले, "सायली, आत्ता जे आईंना म्हणालात, तेच पुन्हा एकदा म्हणा. फक्त 'तू'च्या जागी 'मी' घाला."

तिला ते पहिल्यांदा जमले नाही. दुसऱ्यांदा अर्धे झाले. तिसऱ्यांदा ती सलग म्हणाली, "मी पण सहा दिवस झोपले नव्हते. माणूस किती जागेल," आणि मग बराच वेळ रडली. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि बाळ मात्र या सगळ्यात शांत झोपले होते.

वाचणाऱ्याला वाटेल, की गजर आईने बंद केला होता हे कळले आणि सायली सुटली. मला तसे होऊ द्यायचे नव्हते. तसे झाले असते तर दोष एका खांद्यावरून उतरून दुसऱ्या खांद्यावर गेला असता, आणि काकूंच्या खांद्यावर तो आधीपासूनच होता. म्हणून पाचव्या भेटीत मी तिला मुद्दाम विचारले, "आणि समजा, आईंनी गजर बंद केलाच नसता, तो वाजत राहिला असता आणि तुम्हाला खरोखरच ऐकू आला नसता, तर?" तिने पुष्कळ वेळ विचार केला आणि म्हणाली, "तरी मी झोपलेच असते. झोप लागते." हे तिचे उत्तर मला चौथ्या भेटीतल्या अश्रूंपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते, कारण ते कोणत्याही नव्या माहितीवर अवलंबून नव्हते.

त्यानंतर आम्ही रात्रीकडे वळलो. बेचाळिसाव्या दिवशी घरी आलेल्या आशाताईंची आठवण तिला याच सुमारास झाली. त्यांनी पायाला काहीही लावले नव्हते. झबले वर करून, घड्याळ समोर धरून त्यांनी पूर्ण एक मिनिट पोटाकडे पाहिले होते आणि सांगितले होते, "शेहेचाळीस. छान आहे." दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा मोजायचे, पुन्हा तेवढेच आले तर डॉक्टरांकडे न्यायचे. ही रीत जुनी आणि तावून सुलाखून निघालेली आहे, आणि महाराष्ट्राने तिच्यात मोठी भर घातली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने अक्षरओळख नसलेल्या दायांनाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक साधे साधन तयार केले होते. पुढे त्यांच्या घरोघरी नवजात बालसेवेच्या प्रयोगात अर्भकमृत्यू कसे घटले, ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आज आशाताई ज्या गृहभेटी देतात त्यांच्या मुळाशी तेच काम आहे. मोजा पायात घालायचा असतो आणि 'मोजा' ही सूचनाही असते, हे आपल्या भाषेतच आहे. मी सायलीला दुसरा अर्थ घ्यायला सांगितले.

मात्र त्यालाही मर्यादा घातली. रात्री दहा वाजता, दिवा असताना, एकदाच, पूर्ण एक मिनिट मोजायचे, वहीत लिहायचे आणि दिवा मालवायचा. पुन्हा मोजायचे नाही, चित्रफीत काढायची नाही. चिंतेपोटी पुन्हा पुन्हा केलेली तपासणी चिंतेलाच खतपाणी घालते, आणि हे मोजणेही पुढे सोडायचेच आहे, हे मी तिला पहिल्या दिवशीच सांगून ठेवले. रात्रीच्या पाळ्या लावल्या. दहा ते दोन काकू, दोन ते सहा सायली, शनिवारी निखिल. यात मी एक अट घातली होती आणि ती सगळ्यांना चमत्कारिक वाटली: ज्याची पाळी असेल त्यानेही जागे बसायचे नाही. बाळाने हाक दिली की उठायचे.

त्याचबरोबर खोली नीट केली, कारण हातात असलेली गोष्ट करणे हाही चिंतेवरचा उपायच आहे. बाळ आईच्या खोलीतच, पण स्वतःच्या सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर. राईची उशी, मऊ तक्के आणि सैल दुपटी पाळण्याबाहेर. झोळीत बाळाची हनुवटी छातीवर टेकते, म्हणून रात्रीच्या झोपेला झोळी नाही. काकूंची धुरीची शेगडी त्या खोलीतून हलली. यावर थोडी कुरबुर झाली, पण बाळाच्या फुप्फुसांना धूर नको हे डॉक्टरांनीच सांगितल्यावर मिटली. घरात कोणी सिगारेट ओढत नव्हते. ओढत असते तर कुठल्याही मोज्याआधी मी तो विषय काढला असता.

आता मूळ प्रश्नाकडे. तो मला विचारला जातो आणि मी तो टाळत नाही.

बाळ बरेच आधी जन्मलेले असेल, त्याला श्वास थांबण्याचा, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल, किंवा ते घरी ऑक्सिजनवर असेल, तर हा निर्णय पूर्णपणे तुमच्या डॉक्टरांचा आहे. ते सांगतील ते वैद्यकीय उपकरण, ते शिकवतील तसेच वापरायचे. त्याच्या जागी बाजारातला मोजा घालायचा नाही. बाळ निरोगी असेल, तर ते सुरक्षित राहावे म्हणून यापैकी काहीही घेण्याची गरज नाही, आणि न घेतल्याने तुम्ही निष्काळजी ठरत नाही. हे दुसरे वाक्य मी प्रत्येक आईला दोनदा सांगते.

तरीही घ्यायचेच असेल, तर मी अडवत नाही. पण आधी विक्रेत्याला विचारावे, की हे नेमके काय मोजते, श्वास की पोटाची हालचाल की ऑक्सिजन. किती वयाच्या आणि वजनाच्या बाळासाठी आहे. वैद्यकीय उपकरण म्हणून त्याची नोंदणी आहे की ते नुसते 'वेलनेस'च्या नावाखाली विकले जाते. संपर्क तुटला तर ते सांगते की गप्प राहते. गडद त्वचेवर काही ऑक्सिमीटर ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात, हे मोठ्या माणसांच्या बाबतीत २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात ठळकपणे दिसले आहे, तेव्हा आपल्याकडे ही शंकाही विचारायलाच हवी. वायर असलेले काहीही पाळण्यापासून निदान तीन फूट लांब असावे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, पैसे भरण्याआधी एका कागदावर लिहावे, की अलार्म वाजल्यावर मी पहिले काय करीन. पहिले फोन नाही, पहिले बाळ. ओठांचा आणि जिभेचा रंग, छातीची हालचाल, स्पर्शाला दिलेली साद. बाळ गुलाबी असेल, श्वास घेत असेल, तर बहुधा यंत्र चुकले. बाळ साद देत नसेल, तर त्या क्षणी मोज्याचा काहीही उपयोग नाही, उपयोग आहे तो तोंडाने श्वास देण्याचा आणि छाती दाबण्याचा, जे आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून आधीच हाताने करून शिकलेले असले पाहिजे. निखिल आणि सायली एका शनिवारी हे शिकून आले. त्या दिवशी निखिलने मला आपणहून फोन केला, आणि गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच आपण काहीतरी केले असे वाटते आहे, असे म्हणाला.

यंत्र सांगू शकत नाही अशी काही लक्षणेही असतात, जी आईलाच आधी कळतात: बाळाने अंगावर पिणे सोडणे, श्वासागणिक कण्हणे, छातीखाली खड्डा पडणे, अंग तापणे किंवा गार पडणे, नेहमीसारखे न रडणे. यांपैकी काहीही दिसले की आकड्याची वाट न पाहता निघावे.

आणि एक गोष्ट आईविषयी. बाळ झोपलेले असतानाही झोप येत नसेल, मनात नको ती दृश्ये सारखी येत असतील, जेवणखाण सुटले असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ते केवळ समुपदेशनावर सोडू नये. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे; तातडीने बोलायचे असेल तर 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. बाळंतपणानंतरची चिंता हा आजार आहे आणि तो बरा होतो. सायलीलाही मी तिसऱ्या भेटीनंतर तज्ज्ञांकडे तपासून घ्यायला लावले होते. तिला औषधांची गरज पडली नाही, दुसऱ्या कोणाला पडू शकते, आणि त्यात कमीपणा नाही.

आठव्या भेटीपर्यंत मोजा आणायचा का हे विचारायला सायलीच्या नणंदेचा दोनदा फोन येऊन गेला होता. तिला "सध्या नको" असे निखिलने कळवले. काकूंनी फळीवरच्या ऑक्सिमीटरमधले गळू लागलेले सेल काढून टाकले आणि तो वडिलांच्या चष्म्याशेजारी कपाटात ठेवला.

नवव्या भेटीला बाळ साडेतीन महिन्यांचे होते आणि सायली पुण्याला जायच्या तयारीत होती. तिने वही कॅमेऱ्यासमोर धरून पाने दाखवली. तारखा, त्यांच्यासमोर आकडे: ४४, ४८, ४१, ३९. एका तारखेसमोर काहीच लिहिलेले नव्हते. मी त्यावर बोट ठेवले.

"मोजायच्या आधीच झोप लागली," ती म्हणाली, आणि पान उलटून पुढची तारीख दाखवू लागली.